दुसरा प्रश्न : ॲसबेस्टॉस, विडी आणि एका गुणाकाराचा इतिहास

१

बेर्नार्दिनो रामाझिनी या इटालियन वैद्याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर लॅटिनमध्ये एक ग्रंथ लिहिला. हिपोक्रेटिसच्या परंपरेतील वैद्य रुग्णाला जे प्रश्न विचारीत त्यांत आणखी एकाची भर घालावी, असे त्याने त्या ग्रंथात सुचविले. तो प्रश्न असा : तुमचा धंदा कोणता?

तीनशे वर्षे उलटून गेली. ठाणे-कल्याण पट्ट्यातील एखाद्या दवाखान्यात, कित्येक महिन्यांचा खोकला आणि कपाटातला एक्स-रे घेऊन आलेल्या साठी-पासष्टीच्या निवृत्त कामगाराला आजही पहिला प्रश्न विचारला जातो तो विडीचा. ओढता का, दिवसाला किती, किती वर्षे. होकार मिळाला की केसपेपरवर तशी नोंद होते, आणि पुष्कळदा चौकशी तिथेच थांबते. कारण सापडलेले असते. रामाझिनीचा प्रश्न विचारायचा राहून जातो, आणि रुग्णालाही तो कोणी विचारावा असे वाटत नाही. आपल्या आजाराला आपली विडी जबाबदार आहे हे त्याला बायकोने, मुलांनी आणि पाकिटावरच्या चित्राने इतक्या वेळा सांगितलेले असते की तोही ते मान्य करून बसलेला असतो.

या न विचारलेल्या दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास प्रस्तुत लेखात मांडायचा आहे. तो बऱ्याच अंशी आकड्यांचा आहे. मग तो साहित्याच्या अभ्यासकांपुढे कशासाठी, अशी शंका येऊ शकेल. पण हा प्रश्न मुळात कार्यकारणभावाचा, म्हणजेच कथानकाचा आहे. एका मृत्यूला दोन कारणे असतील आणि त्यांतले एक त्या माणसाच्या स्वतःच्या ओठांत असेल, तर गोष्ट कोणाची सांगायची? तिच्यातला दोषी कोण? हा निर्णय डॉक्टर, न्यायाधीश आणि विमा कंपन्या रोज घेत असतात, आणि तो घेताना त्यांच्या मनात गोष्टीचा एक साचा आधीच तयार असतो. त्या साच्याकडे पाहणे हे आपल्याच शास्त्राचे काम आहे.

२

बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी १८५३ साली गेली आणि पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणला पोचला. त्यानंतरच्या शंभर-सव्वाशे वर्षांत या मार्गाच्या दोन्ही अंगांना कारखान्यांची रांग उभी राहिली. अंबरनाथला विमकोचा काडेपेट्यांचा कारखाना आला. ठाकुर्लीला खाडीकाठी रेल्वेचे चोळा पॉवर हाउस आले. १९२०च्या दशकाच्या अखेरीपासून १९८०च्या दशकापर्यंत त्याने मध्य रेल्वेच्या गाड्यांना वीज पुरविली. शहाड आणि मोहने येथे रेयॉनचे कारखाने निघाले. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि ठाण्याची वागळे इस्टेट व त्यामागोमाग डोंबिवलीची औद्योगिक वसाहत भरत गेली.

विसाव्या शतकाच्या मधल्या दशकांत जिथे वाफ होती तिथे ॲसबेस्टॉस होते. बॉयलरभोवती, वाफेच्या नळांभोवती उष्णता धरून ठेवण्यासाठी त्याचा लेप आणि दोर गुंडाळला जाई. कामगारांच्या भाषेत हे 'लॅगिंग'. पंपाच्या आणि व्हॉल्व्हच्या पॅकिंगमध्ये ते होते, गॅस्केटमध्ये होते, गाड्यांच्या ब्रेक लायनिंगमध्ये होते. देखभाल खात्यातला फिटर जुने लॅगिंग हातोडीने आणि छिन्नीने फोडी तेव्हा उडणारी पांढरी-करडी भुकटी त्याच्या केसांत, मिशीत आणि सदऱ्याच्या शिवणीत बसे. तो ॲसबेस्टॉसचा कामगार म्हणून कुठल्याच यादीत नसे. तो रेयॉनचा, रंगाचा, औषधांचा किंवा रेल्वेचा कामगार असे.

ॲसबेस्टॉस हाच ज्यांचा माल होता असे कारखानेही याच मार्गावर होते. ठाण्याच्या वेशीला लागून असलेल्या मुलुंडला ॲसबेस्टॉस सिमेंट कंपनीचा पत्रे तयार करण्याचा कारखाना होता. घाटकोपरला १९५०च्या दशकात निघालेल्या हिंदुस्थान फेरोडोमध्ये ब्रेक लायनिंग आणि ॲसबेस्टॉसचे कापड होई. मुंबईत जागा परवडेनाशी झाली तसा या कारखान्यांतला आणि एकूणच मध्य रेल्वेच्या बाजूचा कामगार कळवा, मुंब्रा, दिवा, डोंबिवली, कल्याण असा पुढे पुढे सरकत गेला. चाळीवर, वखारीवर, शाळेच्या शेडवर, स्टेशनच्या फलाटावर जो नालीदार करडा पत्रा होता तो त्याच्याच हातचा. आपण त्याला 'सिमेंटचा पत्रा' म्हणत आलो. नावातले ॲसबेस्टॉस बोलण्यात गळून गेले आणि त्याबरोबर धोक्याची जाणीवही गळून गेली, असे म्हणायला जागा आहे.

३

मुलुंडच्या कारखान्याची वंशावळ लँकेशरमधील रॉचडेल या गिरणगावाकडे जाते. तेथील टर्नर ब्रदर्स ही मुळात इंजिनांसाठी सुती पॅकिंग करणारी पेढी. १८७९ साली तिने यंत्रावर ॲसबेस्टॉस विणायला सुरुवात केली. सूत पिंजण्याची, कातण्याची, विणण्याची तीच यंत्रे आणि तीच माणसे. तंतू तेवढा झाडाऐवजी खडकातला. १९२४ साली याच कारखान्यात काम केलेली नेली केरशॉ ही तेहतीस वर्षांची स्त्री वारली. विल्यम कुक या विकृतिशास्त्रज्ञाला तिच्या फुप्फुसांत खनिज तंतू सापडले. त्याने ते प्रकरण ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केले आणि १९२७ साली या रोगाला 'ॲसबेस्टॉसिस' हे नाव मिळाले. कंपनीने मात्र जबाबदारी नाकारली होती; असा काही रोगच नाही, ही तिची भूमिका होती.

नाव मिळाले की सरकारला मोजणी करता येते. मेरेवेदर आणि प्राइस यांनी १९३० साली सादर केलेल्या अहवालात ३६३ कामगार तपासले होते. त्यांतल्या सुमारे चौथाई लोकांची फुप्फुसे घट्ट, तंतुमय झालेली आढळली. पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये धूळ आवरण्याचे आणि कामगारांच्या वैद्यकीय तपासणीचे नियम झाले.

त्या नियमांची हद्द ब्रिटनच्या किनाऱ्यापर्यंत होती. टर्नर ब्रदर्स ज्यात सामावली गेली त्या टर्नर अँड न्यूअल समूहाच्या ॲसबेस्टॉस सिमेंट कंपनीने १९३४ साली मध्य भारतातील कैमोर येथे कारखाना काढला आणि त्याच दशकात मुलुंडला दुसरा. हिंदुस्थान फेरोडो हेही याच समूहाचे अपत्य. म्हणजे मुलुंडच्या पहिल्या पाळीचा भोंगा वाजला तेव्हा मालकाच्या मायदेशी या धुळीचे नाव, तिचा रोग आणि तिच्यावरचा कायदा या तिन्ही गोष्टी अस्तित्वात होत्या. आपल्याकडच्या औद्योगिक इतिहासात 'तेव्हा कोणाला ठाऊक होते?' हे वाक्य वारंवार भेटते. निदान या बाबतीत ते खरे नाही.

४

धुराचा इतिहास याच्याशी समांतर जातो, आणि एका टप्प्यावर दोन्ही रेषा एकाच माणसाच्या टेबलावर येतात. रिचर्ड डॉल याने ब्रॅडफर्ड हिल यांच्यासह १९५० साली सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखविला. पाचच वर्षांनी, १९५५ साली, त्याच डॉलने रॉचडेलच्या कारखान्यात वीस वर्षांहून अधिक काळ धुळीत काम केलेल्या ११३ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वसाधारण लोकांच्या हिशेबाने त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाने एकही मृत्यू जेमतेम अपेक्षित होता. प्रत्यक्षात अकरा झाले होते. हा निबंध छापला जाऊ नये म्हणून कंपनीने प्रयत्न केले, हे पुढे उघड झालेल्या कागदपत्रांवरून दिसते.

पण ही दोन कारणे एकाच देहात एकत्र आली तर काय होते, हा प्रश्न १९५५ साली विचारला गेला नाही. त्या अकरा जणांपैकी किती जण सिगारेट ओढीत होते याचा हिशेब त्या निबंधात नाही. धूर आणि धूळ यांची भेट अजून व्हायची होती.

अमेरिकेत ती भेट चमत्कारिक रीतीने झाली होती. १९५२ ते १९५६ या काळात केंट नावाची सिगारेट ज्या 'सुरक्षित' फिल्टरची जाहिरात करून विकली गेली, त्या फिल्टरमध्ये निळे ॲसबेस्टॉस होते. धुरापासून वाचविण्यासाठी माणसाच्या ओठांशी धूळ नेऊन ठेवली होती. एखाद्या कादंबरीकाराने हे कल्पिले असते तर प्रतीक फार ढोबळ झाले म्हणून आपण नाक मुरडले असते.

५

शास्त्रीय अर्थाने ही भेट घडवून आणली ती न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील आयर्व्हिंग सेलिकॉफ याने. लॅगिंगचे काम करणाऱ्यांच्या संघटनेने आपल्या सभासदांच्या याद्या त्याच्यापुढे ठेवल्या. १९६८ साली त्याने, हॅमंड आणि चुर्ग यांच्यासह, ३७० लॅगरांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांतले २८३ जण सिगारेट ओढीत होते किंवा पूर्वी ओढलेले होते, ८७ जणांनी कधीच सिगारेट ओढली नव्हती. काही वर्षांच्या पाठपुराव्यात फुप्फुसाच्या कर्करोगाने चोवीस माणसे गेली आणि ती सगळी पहिल्या गटातली होती.

छोट्या संख्येवरून मोठा निष्कर्ष काढू नये म्हणून पुढे हजारो लॅगरांचा पाठपुरावा झाला आणि १९७९ साली चार आकडे पुढे आले. पुढील सर्व चर्चा त्यांच्यावर उभी असल्यामुळे वाचकांनी ते नीट पाहावेत. दर लाख माणसांमागे दर वर्षी फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू असे : धूळही नाही आणि धूरही नाही अशांत ११, फक्त धूळ, ५८, फक्त धूर, १२३, धूळ आणि धूर दोन्ही, ६०२.

नुसती धूळ धोका पाचपट करते, नुसता धूर जवळजवळ अकरापट. दोन्ही एकत्र आले की बेरीज व्हावी तर सोळाच्या आसपास उत्तर यावे. इथे ते त्रेपन्नावर गेले आहे. हा गुणाकार आहे. त्याची कारणेही पुढे बरीच उलगडली. श्वासनलिकेच्या आतल्या बाजूस असलेले सूक्ष्म केसांसारखे अवयव आत आलेला कचरा घशाकडे ढकलीत असतात. धुराने ते लुळे पडतात आणि तंतू आत रुतून राहतात. धुरातली कर्करोगकारक द्रव्ये तंतूंना चिकटून पेशींपर्यंत पोचतात आणि तिथे रेंगाळतात. तंतू दाह निर्माण करतो, धूर त्या दाहावर काम करतो.

नंतरच्या संशोधनाने या चित्रात सुधारणा केली. अमेरिकन लॅगरांचाच २०१३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की फुप्फुसांत ॲसबेस्टॉसिस झालेला नसेल तर धूळ आणि धूर यांचा एकत्रित परिणाम बेरजेच्या जवळ जातो, साधारण चौदापट. ॲसबेस्टॉसिस असेल तर तो बेरीज ओलांडून सदतीसपटीच्या घरात पोचतो. म्हणजे निव्वळ 'गुणाकार' हा शब्दही थोडा सोपा आहे. पण दोन्ही एकत्र आले की धोका दोहोंपैकी कोणत्याही एकट्याहून बराच मोठा होतो, ही गोष्ट अबाधित आहे. त्याच अभ्यासात दुसरेही एक निरीक्षण आहे, आणि ते कोणत्याही वादाच्या भरात हरवू नये : सिगारेट सोडणाऱ्या लॅगरांत या कर्करोगाने होणारे मृत्यू दहा वर्षांत निम्म्यावर आले. फुप्फुसात बसलेला तंतू काढता येत नाही. धूर थांबविता येतो. दवाखान्यातल्या डॉक्टरचा 'विडी सोडा' हा सल्ला म्हणूनच शंभर टक्के बरोबर आहे. चूक आहे ती त्या सल्ल्यातून काढलेल्या निष्कर्षात.

६

ही चूक चार आकड्यांवरूनच दाखविता येते. दोन्हीच्या तावडीत सापडलेल्या लाखभर माणसांत ६०२ मृत्यू झाले. त्यांनी कधीच सिगारेट ओढली नसती तर ५८ झाले असते. म्हणजे दहापैकी नऊ मृत्यू धुराशिवाय टळले असते. आता उलट बाजू. ते धुळीत गेलेच नसते तर १२३ झाले असते. म्हणजे दहापैकी आठ मृत्यू धुळीशिवायही टळले असते. नव्वद टक्के आणि ऐंशी टक्के मिळून एकशे सत्तर होतात.

अंकगणित चुकलेले नाही. चुकली आहे ती आपली समजूत, की दोष म्हणजे एक भाकरी आहे आणि एकाच्या वाट्याला जास्त गेली की दुसऱ्याला कमी मिळणार. यांतले बहुसंख्य मृत्यू असे आहेत की दोन्ही कारणे हजर असल्याशिवाय ते घडलेच नसते. असा प्रत्येक मृत्यू पूर्णपणे धुराचा आहे आणि पूर्णपणे धुळीचाही. समीक्षेत आपण ज्याला अतिनिर्धारण म्हणतो त्याचे इतके स्वच्छ उदाहरण वाङ्मयात क्वचित सापडेल.

यातून निघणारी गोष्ट रोजच्या समजुतीच्या अगदी उलटी आहे. 'तो विडी ओढत होता' हे कळल्यावर कारखान्याची जबाबदारी कमी होते असे वाटते. प्रत्यक्षात विडी न ओढणाऱ्याच्या बाबतीत धुळीने लाखामागे ४७ मृत्यू वाढविले. ओढणाऱ्यांत तिने ४७९ वाढविले. ज्या वस्तीत विडी घरोघरी आहे त्या वस्तीतली माणसे कामावर घेणाऱ्या मालकाच्या धुळीने अधिक माणसे मारली जातात. कामगाराची विडी मालकाचे कर्ज फेडीत नाही. ती ते वाढविते.

तरीही न्यायालयांत विडीचा, म्हणजे तिकडच्या सिगारेटचा, उपयोग वजाबाकीसाठी झाला. ब्रिटनमध्ये २००५ साली संरक्षण खात्याविरुद्धच्या एका खटल्यात, गोदीत बॉयलरचे काम केलेल्या मृत कामगाराने धोका कळल्यावरही धूम्रपान चालू ठेवले म्हणून भरपाईतून वीस टक्के रक्कम कापण्यात आली. अमेरिकेत याच्या उलटही घडले. दिवाळखोर ॲसबेस्टॉस कंपनी जॉन्स-मॅनव्हिलच्या भरपाई-न्यासाने तंबाखू कंपन्यांवर दावा लावला की आम्ही भरलेल्या पैशांत तुमचाही वाटा आहे. २००१ साली ज्युरीचे एकमत न झाल्याने तो खटला निष्फळ ठरला. दोन्हीकडे गृहीत एकच : भाकरी एक आहे आणि ती वाटायची आहे.

७

आपल्याकडे ही वाटणीची पाळीसुद्धा क्वचित आली. इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ साली मुंबई कर्करोग नोंदणी सुरू केली. देशातली ती पहिली लोकसंख्याधारित नोंदणी आणि तिचे ऋण मोठे आहे. या नोंदणीचे प्रवर्तक डॉ. जस्सावाला आणि त्यांचे सहकारी जैन यांनी १९७९ साली बृहन्मुंबईतील फुप्फुसाच्या कर्करोगावर निबंध लिहिला. विडी ही सिगारेटपेक्षा सौम्य असते हा समज त्याने मोडून काढला. ही माहिती मोलाची होती. पण योगायोग पाहा : सेलिकॉफच्या चमूचे चार आकडे आले तेही १९७९ साली. तिकडे शोध घेतला जात होता तो कामाचा आणि सवयीचा. इकडच्या निबंधाच्या शीर्षकात संबंध जोडला होता तो धर्माचा आणि सवयीचा. पारशी, हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती या कोष्टकात मुंबईचा रुग्ण ओळखू येत होता. लॅगर, फिटर, पिंजारी या कोष्टकात तो उभाच केला गेला नव्हता.

दुसरी अडचण भूगोलाची. अशा नोंदणीत रुग्ण कुठे राहतो हे पाहिले जाते, तो कुठे काम करीत होता हे नाही. मुलुंडला किंवा घाटकोपरला तीस वर्षे काम करून निवृत्त झालेला माणूस डोंबिवलीत राहत असेल तर बृहन्मुंबईच्या दरांत तो धरला जाणार नाही. त्याची धूळ मुंबईची, मृत्यू ठाणे जिल्ह्याचा. ज्या लोकलने त्याला रोज कामावर नेले तिनेच त्याला आकडेवारीच्या हद्दीबाहेर आणून सोडले.

तिसरी अडचण काळाची. धूळ श्वासात गेल्यापासून कर्करोग दिसेपर्यंत वीस ते चाळीस वर्षे जातात. तोवर कारखाना बंद होतो, नाव बदलतो, दुसऱ्या जिल्ह्यात जातो. या पट्ट्यात तर कारखान्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले. हजेरीपट कुठे गेले हे विचारायला दारावर पहारेकरीसुद्धा जुना उरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी, कंझ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या याचिकेवर निकाल देताना हे ओळखले होते. ॲसबेस्टॉस कामगाराची आरोग्यविषयक नोंद नोकरीच्या सुरुवातीपासून किमान चाळीस वर्षे, किंवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षे, यांत जे नंतर येईल तोवर जपावी, असे न्यायालयाने सांगितले. बाधित ठरलेल्यांना एक लाख रुपये भरपाई सांगितली. आणि कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग मानला. कामगार विम्याच्या आणि नुकसानभरपाईच्या कायद्यांतील व्यवसायजन्य रोगांच्या यादीत ॲसबेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाचा कर्करोगही होता. कागदावर दुसरा प्रश्न विचारण्याची सर्व व्यवस्था झालेली होती.

तो प्रत्यक्ष विचारला तो मूठभर माणसांनी. मुंबईतल्या एका ॲसबेस्टॉस कारखान्याच्या कामगारांची पद्धतशीर तपासणी करून डॉ. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले : तपासलेल्यांपैकी पाचांमागे एकाहून अधिक जणांना ॲसबेस्टॉसिस होता. इथे एक बारीक पण निर्णायक मुद्दा आहे. ॲसबेस्टॉसिस विडीने होत नाही. तंतूंमुळे छातीच्या आवरणाला होणारा मेसोथेलिओमा हा कर्करोगही विडीने होत नाही. जुने तंतू मोजता येतात, एक्स-रेवरील रेषा वाचता येतात. रामाझिनीचा प्रश्न विचारला की उत्तर देणारे पुरावे देहातच असतात. वाचणारा मात्र हवा.

८

विडीकडे आणखी एका अंगाने पाहायला हवे. कामगाराची विडी ही केवळ सवय नव्हती. भट्टीसमोरच्या किंवा बॉयलरखालच्या कामात हक्काची विश्रांती नसे तेव्हा विडी हीच विश्रांती होती; तिला मुकादमही सहसा आडवा येत नसे. भूक मारायला ती होती, ओळख काढायला होती, दुःखात शेजारी बसायला होती. सिन्नरच्या किंवा निपाणीच्या बाईने वळलेली, अंबरनाथच्या काडीने पेटलेली ती विडी कल्याणच्या फिटरच्या ओठांत येई, तेव्हा तीन ठिकाणचे श्रम तिच्यात एकत्र झालेले असत. ती वळणाऱ्या बाईच्या श्वासातही तंबाखूची भुकटी जात होती, हेही याच हिशेबात मांडले पाहिजे. विडीला 'व्यसन' म्हटले की ती खाजगी होते. तिचा कामाशी असलेला संबंध पाहिला की ती पुन्हा कारखान्याच्या आवारात येते.

आणि घराचे काय? लंडनमध्ये १९६५ साली न्यूहाउस आणि थॉम्प्सन यांनी दाखविले की मेसोथेलिओमाने गेलेल्यांत ॲसबेस्टॉस कामगारांचे कपडे धुणाऱ्या त्यांच्या घरच्या स्त्रियाही होत्या. सदरा झटकणाऱ्या, भिजविण्यापूर्वी खिशातली विडी काढून ठेवणाऱ्या बायका आपल्याकडेही होत्या. त्यांना तर पहिला प्रश्नही लागू पडत नाही. त्या विडी ओढीत नव्हत्या आणि कारखान्यातही गेल्या नव्हत्या. केसपेपरवरच्या दोन्ही रकान्यांत 'नाही'.

मराठी साहित्याने गिरणीकामगाराचा खोकला ऐकला. त्याला क्षय म्हटले, दारिद्र्य म्हटले, क्वचित कापसाची धूळही म्हटले. नारायण सुर्वे यांच्या पिढीने कामगाराला कवितेत नाव आणि आवाज दिला. पण गिरणगावाच्या पलीकडचा, ठाण्याच्या खाडीपासून उल्हास नदीपर्यंतचा, रसायनांचा, वाफेचा आणि पत्र्यांचा कामगार त्या प्रमाणात लिहिला गेला नाही. त्याचा संप इतका गाजला नाही आणि त्याचा मृत्यू निवृत्तीनंतर, एकेकट्याने, घरात झाला. अशा मृत्यूला कथानक मिळत नाही, कारण त्याचा आरंभ आणि शेवट यांत तीस वर्षांची पोकळी असते. ती पोकळी भरायला जवळची गोष्ट हाताशी असते ती विडीची, म्हणून तीच सांगितली जाते.

हा इतिहास संपलेला नाही. ब्रिटनने १९९९ साली ॲसबेस्टॉसवर पूर्ण बंदी घातली. भारतात पांढरे ॲसबेस्टॉस आयात करून त्याचे पत्रे करणे अजूनही कायदेशीर आहे. छपरावर अखंड असलेला पत्रा फारसा अपाय करीत नाही. तो कापला, भोके पाडली किंवा फोडला की धूळ उडते. आणि ठाणे, कल्याण, डोंबिवलीत जुन्या चाळी आणि शेड आज रोज पाडल्या जात आहेत. छपरावर चढून पत्रे फोडणारा पोरगा वीस-बावीस वर्षांचा, कंत्राटी, तोंडाला फार तर रुमाल बांधलेला असतो. काम थांबले की तो रुमाल खाली ओढतो आणि विडी पेटवितो.

तो साठीचा होईल तेव्हा त्या छपराची आठवण त्याला स्वतःलाही असेल की नाही, सांगता येत नाही. विडी किती वर्षे ओढली हे तो सांगेल. म्हणून पुढचा प्रश्न समोरच्या माणसालाच ठाऊक असावा लागेल, आणि पहिल्याचे उत्तर 'हो' आले तर तो अधिकच आग्रहाने विचारावा लागेल : काम कुठे करीत होतात?